कंडोम वापरला होता, पण...

हे व्याख्यान काही जण हेडफोन लावून, दार लोटून ऐकत असतील याची मला कल्पना आहे. तसंच ऐका. मी समुपदेशक आहे आणि गेली बरीच वर्षं एचआयव्ही तपासणीला येणाऱ्या लोकांशी बोलते आहे. माझ्यासमोर येणाऱ्यांमध्ये एक मोठा गट असा आहे, ज्याला एचआयव्ही होण्याची शक्यता जवळजवळ नसते आणि तरी तो सगळ्यात जास्त घाबरलेला असतो. आजचं बोलणं त्या गटासाठी आहे.

त्यांचं वाक्य बहुतेक वेळा एकाच धाटणीचं असतं. "मॅडम, कंडोम वापरला होता, फाटला नव्हता, पण..." आणि या 'पण'नंतर काहीही येऊ शकतं. पण काढताना बाहेरची बाजू बोटाला लागली. पण सकाळी दाढी करताना कापलं होतं. पण चुंबन घेतलं, आणि माझ्या हिरडीतून कधीकधी रक्त येतं. पण लॉजवरचा टॉवेल वापरला. एका मुलीचा 'पण' असा होता, की कंडोम फाटला नव्हता हे तिला जोडीदाराने सांगितलं, तिने स्वतः पाहिलं नव्हतं. बहुतेकांनी फोन करायच्या आधी दोन-तीन आठवडे रात्री जागून मोबाईलवर वाचलेलं असतं. माहिती माझ्याइतकीच असते. झोप मात्र नसते.

आधी शरीराची बाजू नीट घेऊ, कारण ती अर्धवट कळली की भीती त्या अर्ध्या जागेत घर करते.

एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य आणि वीर्याआधी येणारा चिकट द्रव, योनीतला स्राव, गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून. लाळ, घाम, अश्रू, लघवी यांतून पसरत नाही. शरीराबाहेर हवेत हा विषाणू फार टिकत नाही. म्हणून टॉवेल, कमोड, चादर, लॉजचा साबण हे सगळे 'पण' एका झटक्यात बाद करा. दाढीच्या कापाचंही तेच. सकाळचा काप संध्याकाळपर्यंत बंद झालेला असतो, आणि एखाद्याच्या अंगाला अंग लागणं म्हणजे दोन रक्तं मिसळणं नव्हे. बोटाची कातडी शाबूत असेल तर तिच्यातून विषाणू आत जात नाही.

आता आकडे. समजा कंडोम नव्हताच, आणि समोरच्या स्त्रीला एचआयव्ही आहे, आणि ती उपचारही घेत नाही. अशा एका योनीसंभोगात पुरुषाला लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत चार धरली जाते. उलट बाजूने, म्हणजे पुरुषाकडून स्त्रीला, दहा हजारांत आठ. गुदसंभोगात धोका खरोखर जास्त असतो, विशेषतः आत घेणाऱ्याला: दहा हजारांत सुमारे १३८. हे सरासरी आकडे आहेत. जननेंद्रियावर जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल तर धोका वाढतो. म्हणून 'एकदाच झालं, काही होत नाही' असं मी कुणालाच सांगत नाही. एकदाच झालेल्या संबंधातूनही लागण होते. पण लक्षात घ्या, हा हिशोब समोरच्याला एचआयव्ही आहे असं गृहीत धरून आणि कंडोम काढून टाकून केलेला आहे. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण हजारात दोनच्या आसपास आहे. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये ते जास्त आहे, तरीही शंभरात दोनच्या आसपास. म्हणजे ज्या बाईकडे पाहून तुम्ही 'हिला असणारच' असं ठरवून टाकलंत, तिला ते नसण्याचीच शक्यता कितीतरी जास्त आहे. आणि जिला आहे ती नियमित औषधं घेत असेल, रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली गेलेला असेल, तर तिच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. कमी होते असं नाही, होत नाही.

यावर कंडोम घाला. लॅटेक्सचा शाबूत कंडोम विषाणूला आरपार जाऊ देत नाही. 'लॅटेक्सची छिद्रं विषाणूपेक्षा मोठी असतात' हे वाक्य इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरतंय. कारखान्यात कंडोम छिद्रासाठी विजेच्या प्रवाहावर तपासले जातात, नमुन्यांत पाणी भरून पाहिलं जातं, आणि प्रयोगशाळेत शाबूत लॅटेक्समधून एचआयव्ही जात नाही हे दिसलेलं आहे.

इथे कुणीतरी हटकून म्हणतं, "पण मॅडम, कंडोम ८० टक्केच सुरक्षित असतो असं मी वाचलंय." या ८० टक्क्यांनी जितक्या लोकांची झोप उडवली आहे तितकी कदाचित विषाणूनेही उडवली नसेल, म्हणून इथे जरा थांबू. हा आकडा २००२ सालच्या एका प्रसिद्ध आढाव्यातून आलेला आहे. त्यात अशी जोडपी होती ज्यांच्यातल्या एकाला एचआयव्ही होता आणि दुसऱ्याला नव्हता. जी जोडपी कंडोम कधीच वापरत नव्हती, त्यांच्यात शंभर जणांमागे वर्षाला पावणेसहाच्या आसपास लागणी झाल्या. 'नेहमी वापरतो' म्हणणाऱ्यांत एकाच्या थोडं वर. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे ते ८० टक्के. याचा अर्थ शंभर संबंधांपैकी वीस वेळा कंडोम गळतो असा मुळीच नाही. हे वर्षभर एकत्र राहणाऱ्या, एचआयव्ही असलेल्या जोडीदाराबरोबर पुन्हा पुन्हा संबंध येणाऱ्या लोकांचं मोजमाप आहे. त्यात ज्यांचा कंडोम एखाद्या वेळी फाटला ते आहेत, ज्यांनी उशिरा घातला ते आहेत, आणि 'नेहमी वापरतो' असं सांगून एखाद्या रात्री न वापरणारेही असणार. तुमच्या एका रात्रीला, शाबूत राहिलेल्या एका कंडोमला तो आकडा लावणं म्हणजे वर्षभराचं लाइटबिल एका बल्बच्या नावावर टाकणं.

तेव्हा कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता, फाटला नाही, निसटला नाही, तर वैद्यकीय प्रश्न तिथेच मिटतो. कंडोम फाटतो तेव्हा साधारणपणे दिसतोच, मोठा चिरतो. सुईच्या टोकाएवढं, न दिसणारं भोक पडलं असेल ही कल्पना भीतीची आहे, लॅटेक्सची नाही. आणि त्या मुलीला मी हेच म्हटलं, की जोडीदार खोटं बोलला असेल असं मानायला काही कारण आहे का? असेल तर आपण तपासणीचं बोलू. नसेल तर तो 'पण' इथेच ठेवून जा.

खरी काळजी कधी करायची, तेही स्पष्ट सांगते. कंडोम मधे फाटला, आत राहून गेला, अर्ध्यातून घातला किंवा वापरलाच नाही, तर घड्याळ पाहायचं. ७२ तासांच्या आत एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं सुरू करता येतात. त्याला डॉक्टर पेप म्हणतात. २८ दिवस रोज घ्यायची असतात आणि जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली. पहिले काही तास सोन्याचे. मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात किंवा आपत्कालीन विभागात जा, घडलं ते सरळ सांगा, गरज आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील. मित्राने सांगितलेली गोळी मेडिकलमधून आणून स्वतः सुरू करू नका. आणि कंडोम शाबूत होता तर 'उगाच खबरदारी' म्हणूनही पेप घ्यायचं नसतं.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. खोबरेल तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन यांनी लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. आपल्याकडे कंडोम फाटण्याचं हे एक ठळक कारण आहे आणि पाकिटावरचं बारीक अक्षर कुणी वाचत नाही. चिकटपणा हवा असेल तर पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) वंगण वापरा. आणि उन्हाळाभर पैशांच्या पाकिटात दाबून ठेवलेला कंडोम वापरू नका.

आता तपासणी. कंडोम शाबूत असतानाही मनाला शांती मिळावी म्हणून एकदा तपासणी करायची असेल तर माझी ना नाही. एकदा. हल्ली बऱ्याच प्रयोगशाळांत चौथ्या पिढीची चाचणी होते, ती विषाणूचा अंश आणि शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं दोन्ही शोधते. प्रयोगशाळेत, शिरेतलं रक्त घेऊन केलेली ही चाचणी ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली तर ती पक्की मानली जाते. बोटातून थेंब घेऊन केलेल्या झटपट चाचणीसाठी तीन महिने धरा. सरकारी आयसीटीसी केंद्रांत तपासणी मोफत असते, आधी आणि नंतर समुपदेशन असतं, आणि तिथेही तीन महिन्यांचाच हिशोब सांगतील. पेप घेतलं असेल तर हे दिवस कसे मोजायचे ते तुमचे डॉक्टर सांगतील. जुन्या पत्रकांत सहा महिने लिहिलेलं असायचं. ते जुन्या चाचण्यांच्या काळातलं आहे. पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर तेवढ्यावर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासतात.

परराज्यात राहणाऱ्या आपल्या लोकांची एक अडचण मला नेहमी ऐकू येते. सुरतेत, इंदुरात, हुबळीत, हैदराबादेत कामाला आहेत. बाजारहाट तिथल्या भाषेत बिनधोक करतात, पण हे सांगायला शब्द सुचत नाहीत. मग गावी आल्यावर ओळखीच्या लॅबमध्ये जातात, आणि तिथला माणूस नेमका मामाचा मित्र निघतो. त्यापेक्षा १०९७ ही एचआयव्हीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे, तिथे प्रादेशिक भाषांत बोलता येतं, जवळचं केंद्र विचारता येतं. आणि २०१७ सालचा एचआयव्ही-एड्स कायदा आहे. त्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि निकाल गुप्त ठेवणं केंद्रावर बंधनकारक आहे.

गेलातच, तर सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांचीही तपासणी करून घ्या. एचआयव्हीच्या धास्तीत लोक हे विसरतात. सिफिलिसचा व्रण कंडोमने न झाकलेल्या जागी असेल तर तो कंडोम असूनही लागू शकतो, आणि इंजेक्शनने बरा होतो. हिपॅटायटिस बीची लस आहे. सरकारी रुग्णालयांतली सुरक्षा क्लिनिकं याच कामासाठी आहेत.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. अवघड भाग पुढे आहे, कारण निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन लोक परत येतात.

एक तरुण नऊ रिपोर्ट प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून आला होता. नऊही निगेटिव्ह. पहिला रिपोर्ट घेताना त्याला वाटलं, लवकर झाली असेल. दुसऱ्या वेळी वाटलं, लॅब छोटी होती. तिसऱ्या वेळी, रक्ताची नळी बदलली असेल. मग नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं होतं, म्हणजे तो रिपोर्ट आपला नसेलच. पगारातले हजारो रुपये त्याने विषाणू थेट शोधणाऱ्या महागड्या चाचणीवर घातले. प्रत्येक रिपोर्टनंतर त्याला बरं वाटायचं, फक्त ते बरं वाटणं टिकायचं कमी कमी. पहिल्यांदा आठवडाभर, शेवटी लिफ्टमधून खाली येईपर्यंत.

हे नीट पाहा. शंका येते, अस्वस्थता वाढते, आपण तपासतो, क्षणभर हलकं वाटतं. मेंदू यातून एकच शिकतो, की तपासलं म्हणून वाचलो. मग पुढची शंका आणखी लवकर येते. कुलूप लागलं का हे पाहायला चार वेळा जिना चढणाऱ्या माणसाचं जे होतं तेच हे. म्हणून दहावी चाचणी हा या माणसाचा उपाय नाही, तीच त्याच्या आजाराचं खाद्य आहे. आणि हे फक्त रक्ताच्या चाचणीबद्दल नाही. आरशात जीभ पाहणं, मानेतल्या गाठी चाचपणं, वजन करणं, रात्री दोनला 'लक्षणं' शोधणं, मला पुन्हा पुन्हा मेसेज करून 'नक्की ना मॅडम?' विचारणं, या सगळ्या चाचण्याच आहेत.

लक्षणांचं तर विचारूच नका. एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काही जणांना ताप, घसादुखी, पुरळ, गाठी येतात, हे खरं. पण हीच लक्षणं साध्या व्हायरल तापाची आहेत, डेंग्यूतही ताप आणि पुरळ येतं, त्यामुळे लक्षणांवरून एचआयव्ही ओळखताच येत नाही. उलट भीतीची स्वतःची लक्षणं असतात: तोंडाला कोरड, रात्री घाम, जुलाब, छातीत धडधड, अन्न न गेल्याने उतरलेलं वजन. मान दिवसातून पन्नास वेळा दाबली तर ती दुखणारच. जीभ पांढरी दिसते कारण आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही ती इतक्या बारकाईने पाहताय.

मग ही भीती नेमकी इथेच का चिकटते? हेल्मेट न घालता हायवेवर स्कूटर चालवणारा माणूस रात्री शांत झोपतो. त्याचा धोका कितीतरी मोठा असतो. फरक असा, की हेल्मेट न घालण्याची कुणाला शरम वाटत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांशी तासभर बोललं की विषाणू बाजूला पडतो आणि दुसरंच काहीतरी बाहेर येतं. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. लग्न ठरलं होतं. घरच्यांना माहीत नाही की मला पुरुष आवडतात. मित्रांनी हट्टाने नेलं, मनात नव्हतं. आपण केलं ते चुकलं असं वाटतंय, त्याची शिक्षा कुठूनतरी येणारच असंही वाटतंय, आणि शिक्षेचं नाव एचआयव्ही. रक्ताची चाचणी विषाणू आहे की नाही एवढंच सांगते. तिला 'मी वाईट माणूस आहे का' विचारलं तर ती उत्तर देणार कुठून? म्हणून नऊ रिपोर्टनी समाधान होत नाही.

आणि यात आणखी एकाचा अपमान होतो, तो मला खटकतो. एचआयव्ही ही शिक्षा असेल तर आपल्या देशात तो घेऊन जगणारी सुमारे पंचवीस लाख माणसं कोण आहेत? नवऱ्याकडून लागण झालेल्या बायका, आईच्या पोटातून लागण झालेली मुलं, कुणीही. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधं मोफत मिळतात. रोज गोळी घेऊन लोक नोकरी करतात, लग्न करतात, निरोगी मुलं जन्माला घालतात, म्हातारे होतात. तुमच्या भीतीतलं चित्र त्या औषधांच्या आधीच्या काळातलं, भिंतीवरच्या कवटीचं आहे.

घरात काय घडतं तेही सांगते, कारण नुकसान तिथे होतं. एक वडील दोन महिने मुलीला कडेवर घेत नव्हते. वेगळा पेला, वेगळा साबण. बायकोला वाटलं, याचं माझ्यावरून मन उडालं. कडेवर घेण्याने, एका ताटात जेवण्याने, पापा घेण्याने एचआयव्ही पसरत नाही. तो असलेल्या माणसाकडूनही नाही. कंडोम खरंच फाटला असेल तर निकाल येईपर्यंत बायकोशी संबंधात कंडोम वापरा, एवढीच खबरदारी. "बायकोला सांगू का?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि मी कुणाला हो किंवा नाही म्हणत नाही. एवढंच म्हणते, की भीतीच्या भरात, रात्री दोनला, स्वतःचं ओझं उतरवायला म्हणून सांगू नका. तिने ते ऐकल्यावर तिचं काय होईल, हा विचार करण्याइतकं डोकं शांत झालं की मग ठरवा.

उपाय काय करायचा? मी लोकांना एक कागद घ्यायला लावते. त्यावर काय घडलं ते पाच ओळींत, एकदाच लिहायचं. चाचणीची तारीख लिहायची, एकच. त्या दिवसापर्यंत शोध बंद, जीभ पाहणं बंद. हुक्की आली की अर्धा तास थांबायचं, पाहायचंच असेल तर अर्ध्या तासाने. पहिले दोन-तीन दिवस जीव कासावीस होतो, मग ती लाट आपोआप ओसरते हे स्वतःला दिसतं. निगेटिव्ह निकालानंतरही चक्र थांबत नसेल, काम होत नसेल, झोप येत नसेल, तर तो चिंतेचा किंवा ओसीडीचा आजार आहे आणि त्याला मानसोपचार आहे, लागली तर औषधं आहेत, आणि त्याने लोक बरे होतात. टेली-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. जीव नकोसा वाटू लागला असेल तर कागद वगैरे राहू द्या, आत्ता हा फोन करा.

शेवटी, या कार्यक्रमासाठी आधी आलेल्या प्रश्नांतला एक घेते. नाव अर्थातच सांगणार नाही. "कंडोम होता, तीन महिन्यांनंतर तीनदा निगेटिव्ह आलो. पुढच्या महिन्यात लग्न आहे, पत्रिका वाटून झाल्या. तिचं आयुष्य बरबाद होऊ नये म्हणून लग्न मोडावं असं वाटतंय."

दादा, तुमच्याकडून तिला एचआयव्ही होणार नाही, कारण तो तुम्हाला नाही. चौथी चाचणी करू नका. लग्न करायचं नसेल, मन दुसरीकडे असेल, तर ते वेगळं कारण आहे आणि ते तिला स्वच्छ सांगा. पण कारण फक्त ही भीती असेल तर पत्रिकेवरची तारीख तीच राहू द्या आणि त्याआधी दोन-तीनदा समुपदेशकाकडे जाऊन या. ते तीनही रिपोर्ट फाइलमधून काढून कपाटात सगळ्यात खाली ठेवा.